दुश्मनाच्या प्रेमात पडणारी फँटसी कादंबरी कशी लिहायची, आणि तीही आपल्या बेळगाव-खानापूरच्या मातीतली

एनिमीज टू लव्हर्स हा प्रकार काय असतो ते आता आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. कॉलेज रोडवर पोरींच्या हातात ती जाडजूड इंग्लिश पुस्तकं दिसतात, मोबाईलवर मराठीत भागाभागानं येणाऱ्या कथांमध्ये पण हा मसाला भरपूर असतो, दोघं एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले असतात आणि चारशे पानांनंतर एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात, आणि वाचणारी रात्री दोन वाजेपर्यंत पुस्तक खाली ठेवत नाही. पण हेच लिहायला बसलं की बऱ्याच जणांची गाडी तिसऱ्या चौथ्या प्रकरणात अडकते, कारण दुश्मनी म्हणून जे लिहिलेलं असतं ती नुसती तोंडातोंडी असते आणि प्रेम म्हणून जे येतं ते एका पावसात भिजल्यावर एकदम येतं. मी हे लिहितेय ते आपल्या बाजूच्या, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी साईडच्या मराठीत लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी, ज्यांना असली कादंबरी लिहायचीय आणि ती बर्फाच्या राजवाड्यात घडलेली नको, आपल्या घाटातली, आपल्या पावसातली पाहिजे.

आधी हे बघा की वाचणाऱ्याला ह्यात नेमकं काय ओढून घेतं. हिरो देखणा आहे, रागीट आहे, काळे कपडे घालतो, ते सगळं ठीक आहे, पण खरी ओढ तिथं नाही. माझं म्हणणं असं आहे की दुश्मन तुम्हाला जितकं बारकाईनं बघतो तितकं दुसरं कुणीच बघत नाही. घरची माणसं सवयीनं बघायची थांबलेली असतात, मित्रमैत्रिणी आपलं चांगलं तेवढं बघतात, पण ज्याचा जीव तुमच्यामुळं जाऊ शकतो तो सगळं बघतो. तू रागावलीस की ओरडायच्या आधी एक क्षण गप्प होतेस, तुझा उजवा गुडघा जुना दुखावलेला आहे, तू झोपताना पाठ भिंतीला लावतेस, हे सगळं त्याला पाठ असतं कारण ते पाठ असणं हीच त्याची ढाल असते. आणि मग एक दिवस तीच माहिती तो वेगळ्या कामाला वापरतो. ज्या गुडघ्यावर वार करायचा म्हणून त्यानं तो हेरून ठेवलेला असतो, त्याच गुडघ्यासाठी घाट चढताना तो काही न बोलता चाल हळू करतो. ती ते ओळखते, आणि वाचणारी तिच्या आधी ओळखते. बस, तिथंच पुस्तक जिंकलं.

म्हणून लिहायला सुरुवात करायच्या आधी एक वही घ्या आणि मध्ये रेघ मारा. एका बाजूला तिला त्याच्याबद्दल काय काय माहीत आहे ते, दुसऱ्या बाजूला त्याला तिच्याबद्दल काय माहीत आहे ते. प्रत्येकी आठ-दहा गोष्टी तरी पाहिजेत, आणि त्या डोळ्यांचा रंग, केसांची लांबी असल्या नकोत, सवयी, भीत्या, जुन्या जखमा, कुणाचं नाव घेतलं की चेहरा बदलतो, असल्या पाहिजेत. त्यातली प्रत्येक गोष्ट कादंबरीत दोनदा आली पाहिजे, एकदा हत्यार म्हणून आणि एकदा काळजी म्हणून. एवढं जरी नीट केलं तरी प्रेम अचानक आल्यासारखं वाटत नाही, कारण त्याची सगळी तयारी दुश्मनीतच झालेली असते.

ओढ असायचं दुसरं कारण असं की इथं निवड विरोधात जाऊन केलेली असते. ज्याला तुमच्यावर प्रेम न करायची शंभर कारणं आहेत, घराणं, शपथ, मेलेला भाऊ, राजाचा हुकूम, तो तरी तुमच्या बाजूनं उभा राहतो, तेव्हा त्या प्रेमाला वजन येतं. आणि फँटसी लागते ती इथंच. साध्या कथेत ऑफिसमधला खडूस बॉस नाहीतर शेजारचा भांडकुदळ पोरगा एवढीच दुश्मनी परवडते, फँटसीत शाप असतो, पिढीजात वैर असतं, जादू असते, त्यामुळं दोघांच्या मधली भिंत खरोखर जीवघेणी करता येते आणि ती ओलांडायची किंमत पण तेवढीच मोठी लावता येते.

आता दुश्मनीचं कारण. ह्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नियम एकच, दोघंही बरोबर असले पाहिजेत. एकाची बाजू सरळ चुकीची असेल तर ती व्हिलनची गोष्ट होते आणि मग त्याला माफ करताना वाचणारीला मनातून पटत नाही. आणि दोघं बरोबर असलेली भांडणं शोधायला आपल्याला लांब जायला नको. कणकुंबीला जाऊन या. तिथं मलप्रभा उगवते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथनं फार लांब नाही, त्याच डोंगररांगेत भीमगडच्या जंगलातनं म्हादई निघते ती पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते आणि समुद्राला मिळते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, त्यातला थोडा बंगालच्या उपसागराकडं आणि थोडा अरबी समुद्राकडं. ह्या पाण्यावरनं राज्याराज्यांत किती वर्षं भांडण चाललंय ते आपण बघतोयच, 2018 मध्ये लवादानं म्हादईचं पाणी वाटून दिलं, कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33, तरी भांडण मिटलं नाही. का मिटत नाही, तर खाली कोरडवाहू शेतीवाल्याची तहान पण खरी आहे आणि वर जंगलातल्या झऱ्याचं, खाडीच्या गोड्या पाण्याचं काय होणार ही भीती पण खरी आहे. असलं कारण पाहिजे.

एक मात्र मनापासून सांगते, कादंबरीत मराठी विरुद्ध कन्नड असं सरळ नाव देऊन दोन टोळ्या करू नका. आपल्याकडं तो विषय लोकांच्या घरात शिरलेला आहे, पहिल्या पानावरच वाचणारा आपली बाजू धरून बसेल आणि तुमच्या हिरो-हिरोईनला कुणी बघणारच नाही. शिवाय आपल्याच गल्लीतली शेजारीण एका बाजूची राक्षस होऊन बसेल, ते मला पटत नाही. फँटसीचा फायदा हाच आहे की भांडणाची कळ खरी ठेवता येते आणि माणसं नवी घेता येतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू आणि तेच शेवटपर्यंत वापरू. वर घाटात झऱ्यावाले, खाली पेठेतले बंधारावाले. झऱ्यावाल्यांची राखणदारीण केतकी. पेठेचा नाकेदार भैरू, ज्याच्या हाताखाली बंधारा आणि जकात दोन्ही आहे. तीन वर्षं पाऊस कमी पडलाय, बंधारावाल्यांना वरचा झरा फोडून पाणी खाली वळवायचंय, नाहीतर पेठेतली जनावरं मरतात. झरा फोडला तर वरचं जंगल सुकतं आणि केतकीची माणसं देशोधडीला लागतात. दोघं तिशीच्या आसपासचे, कर्ते, आपल्या माणसांची जबाबदारी अंगावर असलेले. पोरवयातले नकोत, कारण सोळा वर्षांच्या पोराच्या सहीला काही किंमत नसते आणि इथं प्रत्येक निर्णयाची किंमत दिसायला पाहिजे.

दोन राज्यं एकमेकांना किती चिकटून असू शकतात ह्यासाठी आपलं शहापूर बघा. 1818 ला बेळगावचा किल्ला इंग्रजांकडं गेला, पण शहापूर सांगली संस्थानातच राहिलं, म्हणजे आज जे आपण रिक्षानं पाच-दहा मिनिटांत जातो ते तेव्हा एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जाणं होतं. फँटसीत लोक नेहमी दोन राज्यांच्या मध्ये वाळवंट नाहीतर समुद्र टाकतात. त्यापेक्षा मध्ये एक गल्ली टाका, लय भारी होतंय. अलीकडच्या कट्ट्यावर बसलेला पलीकडच्या घरातला वास ओळखतो, लग्नाचे वाजंत्री ऐकतो, पण पाऊल टाकलं तर नाकेदार धरतो. दुश्मनाचं रोजचं जगणं दिसत राहिलं की द्वेष टिकवायला कष्ट पडतात, आणि ते कष्ट पात्रांना करताना दाखवणं हेच पहिल्या शंभर पानांचं काम.

आता जादू. जादू म्हणजे हातातनं निळा उजेड काढणं एवढंच असेल तर ती काढून टाका, काही बिघडत नाही. जादू अशी पाहिजे की ती दुश्मनीच्या पण मध्ये येते आणि प्रेमाच्या पण, आणि तिची किंमत कुणीतरी अंगावर घेतलेली असते. आपल्या उदाहरणात झऱ्याचं पाणी पिऊन कुणी खोटं बोललं की त्याच्या तोंडात ते कडू होतं. चव फक्त पिणाऱ्याला कळते, समोरच्याला त्याचा चेहरा वाचावा लागतो. म्हणून जुन्या काळापासून दोन्हीकडच्या बोलण्या ह्या पाण्यावर होतात. आणि किंमत अशी की जी राखणदारीण होते तिच्या जिभेची चव कायमची जाते. केतकीला भाकरी आणि माती सारखीच लागते. हे एवढं ठरवलं की बघा किती प्रसंग आपोआप तयार होतात. रोज समोरासमोर बसून एकमेकांचा चेहरा वाचायलाच लागतो, म्हणजे मघाशी सांगितलेलं ते बारकाईनं बघणं नियमातच आलं. आणि पुढं कधीतरी भैरू पेठेतनं कुंदा घेऊन येतो, ती म्हणते मला काय उपयोग, आणि तो बसून तिला सांगतो की दूध आटवून आटवून ते कसं तपकिरी आणि रवाळ झालंय, जिभेवर आधी काय येतं, मग काय येतं, शेवटी दातात काय राहतं. दोन पानं फक्त तेवढंच. चुंबनाच्या चार प्रसंगांपेक्षा ही दोन पानं वाचणारीच्या लक्षात राहतील.

पाण्यावरच्या बोलणीचा एक तुकडा लिहून दाखवते, त्यात मी काय केलंय ते बघा.

"प्या," केतकीनं वाटी पुढं सरकवली. "आणि सांगा, बंधाऱ्यावर तुमची किती माणसं आहेत?"

"चाळीस." भैरूचा चेहरा हलला नाही.

"मला धरून न्यायला कुणाला पाठवलंय?"

"मला."

तिनं त्याच्या ओठांच्या कडेकडं बघितलं. लबाड माणसाची तिथली कातडी आधी आकसते, हे तिला आईनं शिकवलेलं. काहीच आकसलं नाही.

"मग नेत का नाही?"

"नाला भरलाय. पाऊस थांबला की नेतो."

आणि वाटी खाली ठेवताना त्यानं गालाच्या आत जीभ फिरवली, एकदाच.

"कडू लागलं?"

"नाही."

"अजून एक घोट घ्या की मग."

त्यानं वाटीला हात लावला नाही.

ह्यात प्रेम हा शब्द नाही, कुणी कुणाला हात लावलेला नाही, डोळ्यात डोळे घालून बघणं पण नाही, पण वाचणारीला कळलं की तो नेणार नाही आणि त्याचं कारण नाल्याचं पाणी नाही. तिला पण कळलंय, आणि त्याला कळलंय की तिला कळलंय. असले प्रसंग पहिल्या अर्ध्यात चार-पाच पाहिजेत. आणि शेवटच्या टप्प्यात जेव्हा तो सगळ्या पंचांसमोर म्हणतो की माझा ह्या बाईशी काही संबंध नाही, तेव्हा ते पाणी तो अख्खी वाटी पितो आणि चेहरा हलू देत नाही. ती एकटी ओळखते. त्यावेळी तुम्हाला काही समजावून सांगायला लागत नाही.

दोघांना एकत्र कोंडायचं कसं, हा पुढचा प्रश्न. परदेशी कादंबऱ्यांत बर्फाचं वादळ येतं आणि सरायीत एकच खोली शिल्लक असते. आपल्याला बर्फाची गरजच नाही. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळी, पास्टोली असली गावं नाले भरले की जगापासून तुटतात, तिथल्या लोकांना हे दरवर्षीचं आहे, आजाऱ्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढायला लागतंय. ह्या पावसाला कादंबरीत आणा, पण नुसतं रिमझिम रोमँटिक करून आणू नका. कपडे आठ दिवस वाळत नाहीत, जळवा लागतात, चूल पेटत नाही, मीठ पाणी सोडतं, तांदूळ संपत येतो. दोन दुश्मनांना एकच चूल पेटवायला लागली की कोण फुंकणार आणि कोण लाकडं आणणार ह्यावरनं करार करायला लागतो, आणि हा छोटा करार पाळला गेला की मोठ्या करारावर विश्वास बसायची सुरुवात होते. ह्याच जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथं रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक मोठ्या कानांचं वटवाघूळ राहतं, 1913 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती इथल्याच नमुन्यावरनं, आणि बरीच वर्षं जगात ते फक्त इथंच माहीत होतं. असली गुहा आणि असला प्राणी घरात असताना आपण ड्रॅगन का उसना आणायचा? झऱ्यावाल्यांचे निरोप नेणारी वटवाघळं करा, अंधारात ऐकणारी. गुहेत मात्र तुम्ही स्वतः शिरू नका, ते अभयारण्य आहे आणि त्या जीवांना त्रास होतो, बाहेरचं जंगल बघून पुरेसं लिहिता येतं.

भाषेचा एक डाव आपल्या लोकांना जेवढा चांगला जमेल तेवढा पुण्या-मुंबईच्या लेखकाला जमणार नाही. आपण सकाळी घरात मराठी, भाजी घेताना कन्नड, दर्जीकडं उर्दू आणि खानापूरच्या पुढं गेलं की कोकणी असं काही विचार न करता बोलत असतो. तर झऱ्यावाल्यांची बोली वेगळी ठेवा आणि पेठेची वेगळी. केतकी भैरूसमोर आपल्या बोलीत त्याला मनसोक्त शिव्या देते, तिच्या माणसांना त्याच्या कानाबद्दल, चालीबद्दल काय काय सांगते, त्याला काही कळत नाही ह्या भरवशावर. आणि वीस प्रकरणं गेल्यावर, ती तापानं फणफणलेली असताना, तो तिच्या बोलीत विचारतो, पाणी देऊ? म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. आता वाचणारी मागं जाऊन ते सगळे प्रसंग परत वाचणार, त्याला काय काय ऐकायला लागलं आणि तो कुठं कुठं गप्प बसला ते. ह्यासाठी आधीच्या प्रकरणात दोन-तीन खुणा पेरून ठेवायला लागतात, एखाद्या शिवीला त्याचा हात थांबतो, एखाद्या नावाला तो मान वर करतो. पेरल्याशिवाय हा डाव टाकला तर फसवल्यासारखं वाटतं.

आता जिथं मी अजिबात सवलत देत नाही ते. दुश्मन म्हणजे छळणारा नव्हे. हात पिरगाळणारा, कोंडून ठेवणारा, नाही म्हटल्यावर जवळ येणारा हिरो आणि नंतर त्याचं बालपण वाईट होतं म्हणून माफ, हे लिहू नका. आपल्या आजूबाजूला असली घरं आहेत, त्या घरातली पोरगी पण तुमची कादंबरी वाचणार आहे. फँटसीत कैद, पहारा, बेड्या हे येणारच, तर एक साधी अट ठेवा, जोपर्यंत एक जण दुसऱ्याच्या ताब्यात आहे तोपर्यंत शरीराची जवळीक नाही. आधी बेडी सुटली पाहिजे, दार उघडं पाहिजे, बाहेर जायची वाट माहीत असली पाहिजे, आणि तरी ती थांबली पाहिजे. थांबली ह्यातच सगळा थरार आहे वो, तो बेडीत कुठनं येणार. आणि जे नुकसान भरून निघत नाही ते हिरोच्या हातनं करवू नका. त्यानं तिच्या गावाची गोदामं जप्त केली, हे परत करता येतं. त्यानं गाव पेटवलं आणि पोरं मेली, तर मग कितीही पानं रडवलं तरी ती त्याच्याबरोबर संसार करते हे कुणाला सहन होत नाही, व्हायला पण नको.

ह्यावरनं हिडिंबेची गोष्ट आठवते. महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृहातनं सुटून पांडव जंगलात झोपलेले असतात, भीम एकटा जागा, हिडिंब राक्षसाला माणसांचा वास येतो आणि तो बहिणीला पाठवतो की जा, मारून आण. ती येते आणि भीमाला बघून प्रेमात पडते, सुंदर रूप घेऊन समोर जाते आणि भावानं कशाला पाठवलंय ते सगळं खरं सांगून टाकते. पुढं भीम त्या हिडिंब राक्षसाला मारतो, कुंती-युधिष्ठिराच्या संमतीनं लग्न होतं, अट अशी की दिवसा तिनं भीमाला कुठंही घेऊन जावं पण संध्याकाळी परत आणून सोडावं. म्हणजे आपला हा प्रकार बाहेरनं आलेला नाही. पण आजच्या कादंबरीकाराच्या नजरेनं वाचा, केवढी जागा मोकळी सोडलीय त्यात! ज्यानं भावाला मारलं त्याच्याबरोबर ती दिवसभर डोंगरदऱ्या फिरते, त्या दिवसात भाऊ मध्ये येत नसेल? ती कधी एकदम गप्प होत असेल, भीमाला कळत असेल का गप्प झाली? मूळ कथेला तिथं थांबायला वेळ नव्हता. तुमची कादंबरी नेमकी तिथंच थांबायला पाहिजे. दोघांच्या मधल्या मेलेल्या माणसाला लिहा, त्याचं श्राद्ध लिहा, त्या दिवशी दुसऱ्यानं काय करायचं, जेवायला बसायचं का निघून जायचं.

मधला भाग, म्हणजे तह झाला पण प्रेम कबूल नाही, हा लांबवा. घाई करू नका, तिसरा हिस्सा कादंबरी इथंच जाऊ दे. प्रकरणं आलटून पालटून द्या, एक तिच्या नजरेतनं, एक त्याच्या, आणि अधूनमधून एकच प्रसंग दोघांकडनं लिहा. तिला वाटतं तो बंधाऱ्यावर उभा राहून हसला, त्याच्या प्रकरणात कळतं की तो थंडीनं दात आवळत होता. पण हे सारखं सारखं केलं की कथा पुढं सरकत नाही, सगळ्या पुस्तकात तीनदा पुरे.

मग ताटातूट येते, आणि इथं बहुतेक जण सिरीयलच्या वाटेनं जातात. दाराआडून अर्धवट ऐकलं, चिठ्ठी चुकीच्या हातात पडली, आणि तीस पानं रुसवा. कृपा करून नको. एका वाक्यात मिटणारा गैरसमज हा विश्वासघात नसतो. फाटायचं असेल तर पहिल्या पानावरच्या कारणावरनंच फाटू दे. पेठेत वासरं मरायला लागली, भैरूच्या बहिणीच्या दारातली गाय मेली, आणि त्यानं झऱ्याची वाट आपल्या माणसांना दाखवली. केतकीवर प्रेम असताना दाखवली, डोळे उघडे ठेवून दाखवली. आता तिच्या जागी बसून बघा. तो वाईट नाही, त्याचं कारण खरं आहे, आणि तरी त्यानं ते केलंय. त्याची माफी पण मग तोंडानं होऊन भागत नाही, त्याला काहीतरी गमवायला लागतं, नाकेदारी, घर, पेठेत मान वर करून चालणं. आणि त्यानं ते गमावलं म्हणून तिनं लगेच माफ करायचं असं पण नाही. तिला रागवायला पुरेशी पानं द्या. तिनं दहा दिवस त्याच्याशी बोलूच नये, काम मात्र बरोबर करावं, दोघांनी मिळून फुटलेला झरा बुजवावा, दगड द्यायला-घ्यायला लागतातच.

शेवट सुखाचाच करा, ह्या प्रकारात वाचणारी त्याच भरवशावर एवढं सहन करते. पण लग्न लावून मोकळं होऊ नका, भांडण पण सोडवा. आपल्याकडचा वाचक तर विचारणारच, राहणार कुठं, घाटात का पेठेत? पाणी कुणाला? पाण्याची पाळी ठरवा, किती दिवस वर आणि किती दिवस खाली, पाटकरी कोण असणार, पाळी मोडली तर काय, हे सगळं गोष्टीत येऊ दे, त्यात कंटाळा येत नाही कारण आता त्या पाण्यात आपली माणसं गुंतलेली आहेत. दोघांपैकी एकानंच सगळं सोडलं असं होऊ देऊ नका, आणि ते नेहमी बाईनंच सोडायचं असं तर अजिबातच नाही. भैरूला घाटात राहू दे की, जळवा काढायला शिकू दे.

जागा बघितल्याशिवाय लिहू नका हे वेगळं सांगायला नको, पण कुठल्या वेळी बघायच्या ते सांगते. गोकाकचा धबधबा जुलै-ऑगस्टमध्ये बघा, घटप्रभा 52 मीटर खाली पडते तेव्हा पाणी लाल-तपकिरी असतं आणि शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं दोन दुश्मनांची बोलणी लिहिली तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यायलाच लागतंय. बेळगावचा किल्ला सकाळी लवकर, खंदकाच्या कडेनं पूर्ण फेरी मारा आणि आत कमल बस्ती आणि सफा मशीद दोन्ही बघा, एकाच तटाच्या आत किती राज्यं येऊन गेली ते दगडातच दिसतं. हलशीला कदंबांची देवळं आहेत, दुपारी कुणी नसतं, गाभाऱ्यातला थंडावा अंगावर घ्या. राजहंसगडावरनं संध्याकाळी खालची शेतं बघा, पेठेतल्या नाकेदाराला आपला मुलूख कसा दिसत असेल ते तिथं कळतं.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, खास करून भांडणं, कारण भांडणातलं खोटं वाक्य तोंडाला लगेच लागतं. कन्नड शब्द घातले असतील तर कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीकडनं तपासून घ्या, आपण बाजारात बोलतो ते कन्नड आणि तिच्या आजीचं कन्नड ह्यात फरक असतो. मोबाईलवर भागाभागानं टाकणार असाल तर दीड-दोन हजार शब्दांचा भाग ठीक पडतो, पण निदान पहिली दहा प्रकरणं हातात तयार असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका, नाहीतर वाचणाऱ्यांच्या कमेंटच्या दबावाखाली सहाव्या भागातच दोघांना मिठी मारायला लावाल आणि मग पुढं लिहायला काही उरत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूरला दरवर्षी गावचं साहित्य संमेलन होतं, तिथं कविता आणि ग्रामीण कथा भरपूर ऐकायला मिळतात, फँटसी कुणी वाचत नाही. यंदा तुम्ही वाचा. आणि सुरुवात पहिल्या प्रकरणापासनंच करायला पाहिजे असं काही नाही, ती वही काढा, रेघ मारा, आणि त्याला तिच्याबद्दल काय माहीत आहे ती पहिली ओळ लिहा.